ढोल कोणाचा, अंगण कोणाचं?

८ जुलै २०२३. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं सिटी फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम. त्या रात्री तिथे मॅच नव्हती, बर्ना बॉयचा कार्यक्रम होता. बर्ना बॉय हा नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टचा गायक. त्याच्या गाण्यांत इंग्रजी, योरुबा आणि नायजेरियन पिजिन यांची मनसोक्त सरमिसळ असते. अमेरिकन श्रोत्याला सगळं कळावं म्हणून तो थांबून अर्थ सांगत बसत नाही. चाळीस हजारांवर माणसं मावणारं ते स्टेडियम भरलं. मुख्य कलाकार म्हणून अमेरिकेतलं स्टेडियम भरवणारा तो पहिला आफ्रिकन गायक ठरला.

आता फोनवर नकाशा उघडा. सिटी फील्डपासून उत्तरेला, पाणी ओलांडून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर ब्रॉन्क्सचं प्राणिसंग्रहालय आहे. १६ सप्टेंबर १९०६ हा रविवार होता. त्या एका दिवसात तिथे चाळीस हजार लोक आल्याचं तेव्हाच्या वृत्तपत्राने छापलंय. बहुतेकांची पावलं माकडांच्या घराकडे वळत होती. तिथे, ओरांगउटानच्या सोबत, काँगोहून आणलेला एक तरुण ठेवलेला होता. त्याचं नाव ओटा बेंगा.

शहर एकच, गर्दी जवळपास तेवढीच, मधे ११७ वर्षं. या काळात काय झालं, याचं सोपं उत्तर 'प्रगती झाली' असं देता येतं. ते खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. न्यूयॉर्कला आफ्रिका बघायची हौस तेव्हाही होती आणि आजही आहे. बदललं ते दुसरंच काहीतरी, आणि आपल्या भाषेत ते विचारायचं तर प्रश्न असा आहे: या ग्रुपचा ॲडमिन कोण? कार्यक्रम ठरवतं कोण, दार कोण उघडतं, गल्ल्यावर कोण बसतं, आणि 'हे खरं आफ्रिकन' असा शिक्का मारण्याचा हक्क कोणाकडे आहे? न्यूयॉर्कमधल्या आफ्रिकन नाच-गाण्यांच्या कार्यक्रमांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नावरची लांबलचक ओढाताण आहे.

बारा माणसांची मर्यादा

न्यूयॉर्क डच लोकांच्या ताब्यात होतं, त्याचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं, तेव्हापासून, म्हणजे १६२०च्या दशकापासून, इथे आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम आहेत. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतले कापसाचे मळे येतात. पण १७०३ साली न्यूयॉर्क शहरातल्या चाळीस टक्क्यांच्या आसपास घरांत गुलाम होते. बंदरावर ओझी वाहणारे, स्वयंपाक करणारे, तटबंदी बांधणारे हात त्यांचे होते.

एवढी माणसं एका शहरात असली की ती कधीतरी एकत्र येणारच. आणि मालकाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच एकत्र येण्याची. म्हणून न्यूयॉर्कने गुलामांच्या अंत्ययात्रांवरसुद्धा नियम केले. आधी हुकूम निघाला की अंत्यविधी दिवसाउजेडीच उरकायचा. मग १७३१ मध्ये ठरलं की अंत्ययात्रेला बारापेक्षा जास्त गुलाम जमायचे नाहीत. माणूस गेला तर रडायला किती जणांनी यायचं, हेही शहर ठरवत होतं. आफ्रिकेतल्या अनेक समाजांत अंत्यविधी हा सगळ्या गावाचा मोठा सोहळा असतो. ढोल, गाणी, नाच, रात्र जागवणं, सगळं त्यात येतं. तेव्हा हा नियम फक्त शोकावर नव्हता, संस्कृतीच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमावर होता.

पुढे १८२१ मध्ये विल्यम ब्राऊन नावाच्या, जहाजावर कारभारी म्हणून नोकरी केलेल्या कृष्णवर्णीय माणसाने मॅनहॅटनमध्ये 'आफ्रिकन ग्रोव्ह' नावाचं नाटकघर काढलं. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्णपणे संपायला अजून सहा वर्षं होती. इथे कृष्णवर्णीय नट शेक्सपिअरचा 'तिसरा रिचर्ड' करत होते. ब्राऊनने स्वतः नाटकही लिहिलं. गोऱ्या टोळक्यांनी दंगा घातला, पोलिसांनी नटांना पकडलं, आणि काही वर्षांतच ते घर बंद पडलं. नावात 'आफ्रिकन' आणि मंचावर शेक्सपिअर ही जोडी शहराला सहन झाली नाही. आफ्रिकन माणसाने आफ्रिकनच 'दिसायचं', हा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

पिंजरा आणि रंगमंच

हा हट्ट टोकाला गेला तो १९०६ मध्ये. ओटा बेंगा हा काँगोच्या जंगलातल्या म्बुटी समाजाचा. सॅम्युअल व्हर्नर नावाच्या अमेरिकन माणसाने त्याला १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी आणलं होतं. फिरत फिरत तो ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात पोचला. संचालक विल्यम हॉर्नाडेने त्याला माकडांच्या घरात ठेवलं. बाहेर पाटी लावली. तिच्यावर वय, उंची, वजन, आणि सप्टेंबरभर रोज दुपारी प्रदर्शन, अशी माहिती होती. प्राण्यांच्या पिंजऱ्यावर असते तशीच.

विरोध झाला, आणि तो कोणी केला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख रेव्हरंड जेम्स गॉर्डन आणि त्यांचे सहकारी धर्मगुरू उभे राहिले. ते महापौरांकडे गेले, तर महापौरांनी भेटच दिली नाही. पण आवाज वाढत गेला. महिना संपायच्या आत ओटा बेंगाला तिथून हलवून गॉर्डन यांच्या अनाथाश्रमात नेलं गेलं. पुढे तो व्हर्जिनियात लिंचबर्गला राहिला. घरी परत जाण्याची आशा मावळली तेव्हा, मार्च १९१६ मध्ये, त्याने आयुष्य संपवलं. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० मध्ये.

या घटनेच्या तीनच वर्षं आधी, फेब्रुवारी १९०३ मध्ये, ब्रॉडवेवर 'इन डाहोमी' नावाचं संगीतक लागलं होतं. डाहोमी म्हणजे आजचा बेनिन देश. बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर ही कृष्णवर्णीय विनोदी जोडी त्यात होती. ब्रॉडवेच्या मोठ्या नाटकघरात लागलेलं हे कृष्णवर्णीय कलावंतांचं पहिलं पूर्ण लांबीचं संगीतक. पण कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बसायला जागा वरच्या गॅलरीतच होती. आणि बर्ट विल्यम्स स्वतः कृष्णवर्णीय असूनही चेहऱ्याला काजळी फासून रंगमंचावर येई, कारण गोऱ्या प्रेक्षकाला तेच चित्र सवयीचं होतं.

ही जोडी डाहोमीकडे वळली कशी, हे वॉकरने लिहून ठेवलंय. १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात डाहोमीचं 'गाव' उभारलं होतं. खरे डाहोमीवासी यायला उशीर झाला, म्हणून आयोजकांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांनाच आफ्रिकनांचं सोंग घ्यायला लावलं. त्यात हे दोघे होते. खरी माणसं पोचल्यावर यांची सुट्टी झाली. मग मात्र हे दोघे त्या डाहोमीवासीयांना बघायला परत परत जाऊ लागले. सोंग म्हणून सुरू झालेलं कुतूहल असं खरं झालं. तरी अजून ॲडमिन दुसराच होता.

डाफोराने स्वतःची गोष्ट सांगितली

असादाता डाफोरा १९२९ मध्ये न्यूयॉर्कला आला. जन्म सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनचा. गायक व्हायचं म्हणून युरोपात शिकलेला. काळ मंदीचा, खिसा रिकामा. हार्लेममध्ये त्याने माणसं जमवली. काही आफ्रिकेतून आलेले खलाशी आणि विद्यार्थी, काही हार्लेममध्ये वाढलेली मुलंमुली. नाटक बसवलं 'किकुंकोर'. लग्नाला निघालेल्या नवऱ्या मुलावर चेटूक होतं, तो मरणाच्या दारात जातो, आणि वैदू त्याला परत आणतो, अशी गोष्ट.

मे १९३४ मध्ये तेविसाव्या रस्त्यावरच्या एका लहानशा जागेत हे लागलं. मोठ्या वर्तमानपत्राचा नृत्यसमीक्षक येऊन गेला, त्याने भरभरून लिहिलं, आणि मग लोकांना जागा पुरेना. प्रयोग मोठ्या नाटकघरांत हलवावे लागले.

यात नवीन काय होतं? ढोल आधीही वाजले होते, नाच आधीही झाले होते. नवीन होती ती गोष्ट. प्रदर्शनातल्या 'गावात' माणसं फक्त दिसत. त्यांना सुरुवात, मध्य, शेवट नसे. तिकीट काढलेला माणूस पाच मिनिटं बघून पुढच्या तंबूकडे जाई. डाफोराने प्रेक्षकाला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं: हे एक लग्न आहे, ही नवरी आहे, हिचं काय होतंय ते शेवटपर्यंत बघ. नाच हा जंगली अंगविक्षेप नसून त्याला कारण असतं, प्रसंग असतो, तो शिकावा लागतो, हे त्यातून आपोआप कळत होतं.

पण शिक्का मारणारे अजून दुसरेच होते. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, विशीतल्या ऑर्सन वेल्सने हार्लेमच्या लाफायेट थिएटरमध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन 'मॅकबेथ' केलं. स्कॉटलंडच्या जागी हैतीसारखं बेट, आणि चेटकिणींच्या प्रवेशांत डाफोराच्या मंडळींचे ढोल. प्रयोग तुफान गाजला. नाव झालं ते वेल्सचं.

कार्नेगी हॉलमध्ये शिरलेले विद्यार्थी

परदेशात शिकायला गेलेली मुलं स्वातंत्र्याची स्वप्नं बघतात, हे आपल्याला आपल्या इतिहासातून माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४०च्या दशकात नायजेरियन विद्यार्थ्यांचा असा एक गट होता. त्यात पुढे होता किंग्जली ओझुम्बा म्बाडिवे. या मुलांनी 'आफ्रिकन अकॅडमी ऑफ आर्ट्स अँड रिसर्च' नावाची संस्था काढली. नावात कला आणि संशोधन, पोटात राजकारण. अमेरिकन माणसाच्या डोक्यातली आफ्रिका म्हणजे टारझनचं जंगल. जंगलाला कोणी स्वातंत्र्य देत नाही. तेव्हा आधी ते चित्र पुसायला हवं, आणि मगच वसाहतवादावर बोलता येईल, असा त्यांचा हिशेब.

डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी थेट कार्नेगी हॉलमध्ये आफ्रिकन नृत्यमहोत्सव भरवला. महायुद्ध चालू होतं. नृत्याची बाजू डाफोराकडे होती. मोठ्या पाहुण्या म्हणून एलिनॉर रूझवेल्ट, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, आणि कृष्णवर्णीयांच्या नेत्या मेरी मक्लाऊड बेथून आल्या होत्या. नाचणाऱ्यांत पर्ल प्रायमस ही तरुणी होती. त्रिनिदादमध्ये जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली, जीवशास्त्राची पदवीधर. पाच वर्षांनी तिला अभ्यासवृत्ती मिळाली आणि ती आफ्रिकेत नाच शिकायला गेली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची संध्याकाळ आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पिंजऱ्यासमोर गर्दी होती तेव्हा आमंत्रण हॉर्नाडेचं होतं. इथे यजमान आफ्रिकन होते, आणि व्हाइट हाउसमधली बाई त्यांची पाहुणी होती. ढोल तेच होते, पण अंगण बदललं होतं.

या संस्थेच्या मदतीसाठी डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्करही वाजवायचे. जाझमधली त्या काळची सगळ्यात पुढची ही दोन नावं. गिलेस्पीने आठवणींत सांगितलंय की या कार्यक्रमांत पार्कर, तो आणि ड्रमवर मॅक्स रोच, आणि सोबत आफ्रिकन आणि क्युबन ढोलवादक असत. जाझच्या मुळाशी असलेली लय तीनशे वर्षांनी तिच्या घरच्या माणसांना भेटत होती, आणि निमित्त होतं विद्यार्थ्यांच्या निधी-संकलनाचं. म्बाडिवे पुढे मायदेशी परतला आणि स्वतंत्र होत असलेल्या नायजेरियात मंत्री झाला.

एकशे पंचविसावा रस्ता

बाबातुंडे ओलातुंजी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याचा ढोल ऐकला असण्याची शक्यता बरीच आहे. १९२७ मध्ये नायजेरियाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावात जन्मलेला हा मुलगा १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला. मुत्सद्दी व्हायचं होतं, म्हणून पुढे न्यूयॉर्कला लोकप्रशासन शिकायला गेला. कॉलेजातली मुलं त्याला विचारत, तुमच्याकडे सिंह रस्त्यात फिरतात का? उत्तर म्हणून त्याने ढोल हातात घेतला. तो सुटलाच नाही.

कोलंबिया कंपनीने काढलेली त्याची 'ड्रम्स ऑफ पॅशन' ही तबकडी १९६० मध्ये आली. नायजेरियासह आफ्रिकेतले कितीतरी देश त्याच वर्षी स्वतंत्र झाले. बैठकीच्या खोलीत बसून लाखो अमेरिकनांनी पहिल्यांदा आफ्रिकन ढोल नीट, मन लावून ऐकले. त्यातलं एक गाणं सांतानाने १९६९ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमवर घेतलं आणि ते रॉकवाल्यांचं झालं. ओलातुंजी पुढे 'प्लॅनेट ड्रम' या गटातही होता. त्यात त्याच्या शेजारी बसून तबला वाजवत होते आपल्या माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. १९९१ च्या त्या अल्बमला ग्रॅमीमधला जागतिक संगीताचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला.

पण ओलातुंजीचं मला जास्त भावलेलं काम तबकडीचं नाही, जागेचं आहे. १९६४-६५ मध्ये क्वीन्समध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे आफ्रिकन दालन होतं, आणि ओलातुंजी तिथे वाजवत होता. (सिटी फील्ड आज त्याच मैदानाच्या शेजारी आहे.) प्रदर्शन पुन्हा तेच, पण आता दालनात स्वतंत्र देश होते. तरी प्रदर्शन संपलं की दालन पाडतात. ओलातुंजीला कायमचं घर हवं होतं. हार्लेमच्या एकशे पंचविसाव्या रस्त्यावर त्याने आफ्रिकन संस्कृतीचं केंद्र उघडलं. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनने त्याला मदत केली. कोलट्रेनने ओलातुंजीच्या नावाने एक रचनाही आधीच केली होती.

२३ एप्रिल १९६७ ला कोलट्रेन त्या केंद्रात वाजवायला आला. तो आजारी होता. तीन महिन्यांच्या आत, १७ जुलैला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आवाज फाटका आहे, वादन अंगावर येतं. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या वादकांपैकी एक, आयुष्याच्या अखेरीस, एका नायजेरियन माणसाने चालवलेल्या छोट्याशा जागेत वाजवतोय. कार्नेगी हॉलमध्ये आफ्रिकन यजमान होते, पण हॉल भाड्याचा होता. इथे चावीसुद्धा आपली होती. ते केंद्र पुढे बंद पडलं. चावी आपली असली की भाडं, वीज आणि डागडुजीही आपलीच असते.

ब्रुकलिन: शाळा, बाजार आणि 'आगो'

१९६९ मध्ये ब्रुकलिनच्या क्लेव्हर प्लेसवर 'द ईस्ट' नावाचं केंद्र सुरू झालं. जिटू वेउसी हा शिक्षक त्याचा म्होरक्या. कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळांवर वस्तीचा ताबा असावा, या आधीच्या वर्षी पेटलेल्या लढ्यातून हे लोक आलेले. त्यांनी स्वतःची शाळाच काढली, 'ऊहुरू सासा'. स्वाहिलीत अर्थ 'स्वातंत्र्य, आत्ताच'. ईस्टमध्ये जाझचे कार्यक्रम होत, आणि त्यांना गोऱ्या प्रेक्षकांना प्रवेश नसे. यावर तेव्हाही वाद झाला. पण ज्यांना वरच्या गॅलरीत बसवलं गेलं होतं, त्यांच्या नातवंडांनी आपल्या घराचं दार कोणासाठी उघडायचं हे स्वतः ठरवलं, एवढं तरी समजून घ्यायला हरकत नाही.

१९७१ मध्ये या शाळेच्या निरोप समारंभाला जोडून रस्त्यावर एक जत्रा भरली. खाण्याचे स्टॉल, कापड, दागिने, ढोल. त्याच जत्रेचा आज 'इंटरनॅशनल आफ्रिकन आर्ट्स फेस्टिव्हल' झालाय. जुलैच्या सुरुवातीला ब्रुकलिनच्या बागेत तो भरतो.

आणि मग चक डेव्हिस. नॉर्थ कॅरोलायनातला उंचापुरा, गडगडाटी आवाजाचा नर्तक. १९६४ च्या त्याच प्रदर्शनात सिएरा लिओनच्या राष्ट्रीय नृत्यपथकाला बघून तो भारावला आणि ओलातुंजीच्या पथकात नाचला. नंतर स्वतःचं पथक काढलं. १९७७ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्याने 'डान्सआफ्रिका' सुरू केला. अमेरिकेतला आफ्रिकन नृत्याचा सगळ्यात मोठा महोत्सव म्हणून तो आज ओळखला जातो. मे महिन्याच्या अखेरच्या सुट्टीत तो होतो, आणि बाहेरच्या रस्त्यांवर बाजार भरतो.

डान्सआफ्रिकाची रीत बघण्यासारखी आहे. आधी समाजातली वडीलधारी मंडळी रंगमंचावर येतात. पूर्वजांना पाणी सोडलं जातं. वर्षभरात गेलेल्यांची आठवण होते. मग निवेदक हाक देतो, 'आगो!' आणि सगळं सभागृह उत्तर देतं, 'आमे!' पश्चिम आफ्रिकेत दारात उभं राहून असं विचारतात. 'येऊ का?' 'या, आमचं लक्ष आहे.' दोन-तीन वेळा झालं की पहिल्यांदा आलेला माणूसही ओरडायला लागतो. इथे बघणाऱ्यालाही काम आहे. माकडांच्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसाला काहीही बोलावं लागत नव्हतं. इथे मात्र उत्तर दिल्याशिवाय कार्यक्रम पुढे जात नाही.

शनिवारचा आवाज

ही गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

पहिली म्हणजे आफ्रिकेतून खरोखरची माणसं मोठ्या संख्येने आली. १९६५ च्या कायद्याने आणि १९९० नंतरच्या व्हिसा लॉटरीने दारं उघडली. हार्लेमच्या एकशे सोळाव्या रस्त्यावर सेनेगली लोकांची एवढी दुकानं झाली की त्या भागाला 'लिटल सेनेगल' म्हणायला लागले. दरवर्षी २८ जुलैला सूफी संत अमादू बांबा यांच्या नावाने हे लोक हार्लेममधून मिरवणूक काढतात. संतांची पदं म्हणत, झेंडे घेऊन, पांढऱ्याशुभ्र झग्यांत चाललेली ती रांग आपल्याला दिंडीसारखी वाटेल. यात प्रेक्षकांसाठी काहीच नाही. बघायचं तर बघा, नाहीतर बाजूला व्हा. सिएरा लिओनहून आलेल्या माहेन बोनेट्टी यांनी १९९३ मध्ये आफ्रिकन चित्रपट महोत्सव सुरू केला, तो आजही चालू आहे. तीनशे वर्षांपूर्वी आणलेल्यांच्या वंशजांची आफ्रिका आठवणीतली, आणि काल विमानातून उतरलेल्यांची आफ्रिका फोनवरून रोज बोलणारी. 'खरी' कोणती, यावर दोघांत कुरबुरी होतात. होऊ देत. निदान आता भांडण घरातलं आहे.

दुसरी गोष्ट जागांच्या भावाची. हार्लेममध्ये मार्कस गार्वी पार्क आहे, ओलातुंजीच्या केंद्रापासून चालत काही मिनिटांवर. १९६९ पासून तिथे उन्हाळ्यातल्या शनिवारी ढोलवाले जमतात आणि तासन् तास वाजवतात. एक काळ असा होता की पार्क ओसाड आणि धोक्याचं झालं होतं, तेव्हाही हे येत राहिले. मग हार्लेममध्ये महागडी घरं झाली. २००७-०८ च्या सुमारास पार्कसमोरच्या नव्या इमारतीतल्या रहिवाशांनी तक्रारी केल्या. आवाजाचा त्रास होतो. ढोलाचा त्रास काय असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको, तेव्हा तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पालिकेने ढोलवाल्यांना पार्कातच दुसरीकडे हलवलं. पण प्रश्न तोच जुना होता. किती वेळ, कुठे, किती मोठ्याने, हे ठरवणार कोण? १७३१ मध्ये कायदा करून जे मागितलं होतं, ते आता सोसायटीच्या पत्रातून मागितलं जात होतं.

आणि तिसरीकडे पैसा आला. २००९ मध्ये फेला कुटीच्या आयुष्यावरचं संगीतक ब्रॉडवेवर लागलं. फेला म्हणजे नायजेरियाचा बंडखोर गायक, अफ्रोबीटचा जनक. त्याचे पहिले मॅनेजर बेन्सन इडोनिजे हे बर्ना बॉयचे आजोबा. नातवाने एप्रिल २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाजवलं आणि पुढच्या वर्षी सिटी फील्ड. आपल्याकडेही ही लाट आली. माझ्या ऑफिसमध्ये रेमाचं 'काम डाऊन' माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल, आणि मे २०२३ मध्ये रेमा मुंबईत गाऊनही गेला. सिटी फील्ड म्हणजे विजय आहे, यात शंका नाही. फक्त स्टेडियम, तिकिटांचं ॲप आणि गाणी ऐकवणारा प्लॅटफॉर्म अजून दुसऱ्यांचे आहेत. कंटेंट आपला आणि सर्व्हर त्यांचा असेल, तर ॲडमिन नक्की कोण, हे मी रोजच्या कामात बघतो, त्यामुळे मी टाळ्या वाजवतो पण जरा जपून.

ब्रॉडवे क्रमांक २९०

१९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये, सिटी हॉलपासून जवळ, ब्रॉडवे क्रमांक २९० वर केंद्र सरकारची मोठी इमारत बांधायला घेतली. १७५५ च्या नकाशावर तिथे कृष्णवर्णीयांचं दफनस्थान दाखवलेलं होतं, पण इतक्या बांधकामांनंतर काय शिल्लक असणार, असं धरून चालले होते. खोदल्यावर माणसं सापडायला लागली. अठराव्या शतकातल्या त्या जागेत पंधरा हजारांच्या आसपास लोक पुरलेले असावेत, असा अंदाज आहे. बारा जणांच्या मर्यादेत ज्यांचे अंत्यविधी झाले, तीच ही माणसं. ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले. एका बाईच्या कमरेभोवती मण्यांची माळ होती.

काम चालूच ठेवायचा सरकारचा बेत होता. शहरातले कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर उतरले, निदर्शनं केली, प्रार्थना केल्या, आणि खोदकाम थांबवायला लावलं. अवशेषांचा अभ्यास वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मायकल ब्लेकी या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हावा, हेही भांडून मिळवलं. हाडांनी सांगितलं ते असं: लहान मुलं खूप, आणि मोठ्यांच्या मणक्यांवर ओझ्यांच्या खुणा.

ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांना परत आणलं. घानात कोरून घेतलेल्या लाकडी पेट्यांतून. वॉशिंग्टनहून बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूअर्क अशी वाटेत गावोगावी श्रद्धांजली घेत ही यात्रा न्यूयॉर्कला पोचली, आणि भरदिवसा ब्रॉडवेवरून निघाली. ढोल होते, गाणी होती, नाच होता. हजारो लोक जमले होते. किती जणांनी यायचं, हे त्या दिवशी कोणी मोजत नव्हतं.

आफ्रिकन कलेचा न्यूयॉर्कमधला सगळ्यात मोठा कार्यक्रम कोणता, असं मला विचारलं तर मी सिटी फील्ड म्हणणार नाही. मी हा म्हणेन. याला तिकीट नव्हतं. आज त्या जागी राष्ट्रीय स्मारक आहे. कधी मॅनहॅटनला गेलात, तर टाइम्स स्क्वेअरहून मेट्रोने काही मिनिटांत तिथे पोचता येतं. दारात उभं राहून मनातल्या मनात 'आगो' म्हणा आणि मग आत जा.